२७ प्रमाणपत्रं आणि ४२ वजा १७

प्रश्न गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका शिक्षिकेचा आहे. सरकारी प्राथमिक शाळा, मराठी माध्यम, पहिली ते चौथी मिळून १९ मुलं आणि शिकवायला त्या एकट्या. त्या लिहितात, "सर, ऑनलाईन प्रशिक्षणाची २७ प्रमाणपत्रं माझ्याकडे जमली आहेत. फाईलला नीट लावून ठेवली आहेत. पण खरं सांगू? डी.एड. करून आले तेव्हा शिकवत होते, अजून तसंच शिकवते. पुढे सगळं प्रशिक्षण ऑनलाईनच होणार म्हणतात. मग याचं भविष्य काय? आणि सुटीत पैसे भरून एक मोठा कोर्स करावा असं मनात आहे, करू का?"

कोर्सचं शेवटी बोलू. आधी फाईलचं बोलतो, कारण तशी फाईल माझ्याकडेही आहे.

२०२० च्या ऑक्टोबरात निष्ठा हे देशभरातल्या शिक्षकांसाठीचं सरकारी प्रशिक्षण दीक्षा या सरकारी पोर्टलवर आलं. प्राथमिक स्तराला १८ मॉड्यूल. आदल्या वर्षी हेच प्रशिक्षण समोरासमोर सुरू झालं होतं, कोविडमुळे ते फोनवर आणावं लागलं. त्यातली निदान पाच मॉड्यूल मी कशी पूर्ण केली ते ऐका. फोन स्वयंपाकघरातल्या चार्जरला, आवाज बंद, व्हिडिओ चालू. मी बाहेर सोप्यावर वर्कशीट तपासत बसलेलो. मधे पाणी प्यायला गेलो की पुढच्या व्हिडिओवर बोट. शेवटी बहुपर्यायी प्रश्न, ७० टक्के मिळाले की प्रमाणपत्र. उत्तरं कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येऊन पडलेलीच असायची. मी तेव्हा साधनव्यक्ती, म्हणजे शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं काम बघणारा, होतो. तालुक्यातल्या कुणाची मॉड्यूल राहिली आहेत ते बघून त्यांच्या मागे लागणं हे माझं काम. आणि पूर्ण केलेल्यांच्या यादीत मी स्वतः पहिल्या दहांत!

तेव्हा २७ प्रमाणपत्रांनी वर्ग बदलला नाही, यात तुमचा आळस शोधू नका. मॉड्यूल लिहिणारी माणसंही बिनअकलेची नव्हती. पायाभूत साक्षरतेवर नंतर आलेल्या १२ कोर्सांत बरंच चांगलं होतं. लिहायला-वाचायला शिकवण्याबद्दल दोन गोष्टी मी साठीकडे झुकताना त्यातच पहिल्यांदा नीट वाचल्या. चूक आहे ती क्रमात. आधी उत्तर येतं, तेही अख्ख्या देशाला एकच, आणि मग आपण आपल्या वर्गात त्याला जुळणारा प्रश्न हुडकत बसतो.

हे यंत्रामुळे झालं असंही नाही. २००४ साली एज्युसॅट उपग्रह वर गेला तेव्हा आता दिल्लीतला तज्ज्ञ थेट खेड्यातल्या शिक्षकाशी बोलणार, असं आम्हाला सांगत. तज्ज्ञ बोलले. आपण ऐकलं. चहा झाला, सही झाली, घरी आलो. त्याच्याही आधी, १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने शिफारस केली होती की प्रत्येक शिक्षकाला दर पाच वर्षांत दोन-तीन महिन्यांचं सेवांतर्गत प्रशिक्षण मिळावं. तेव्हापासून आपण दिवसच मोजत आलो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ते वर्षाला किमान ५० तासांवर आणलं. गंमत म्हणजे त्याच वाक्यात पुढे लिहिलंय की हे तास शिक्षकाच्या स्वतःच्या आवडीप्रमाणे असावेत. वाक्याचा पहिला अर्धा परिपत्रकांत उतरला. दुसऱ्या अर्ध्याची आठवण कुणी काढलेली मी तरी ऐकली नाही.

आता गोव्याचं बघू. ऑनलाईन प्रशिक्षण अंतर वाचवतं असं सगळीकडे सांगतात. आपल्याकडे अंतर ते किती? अख्खं राज्य ३७०२ चौरस किलोमीटर. काणकोणहून पर्वरीला यायचं म्हटलं तरी दोन-अडीच तास; कदंबची बस धरली तर थोडे जास्त. गडचिरोलीच्या शिक्षकाला हे सांगितलं तर तो हसेल. आपल्याला ऑनलाईन लागतं ते निराळ्या कारणाने. तुम्ही प्रशिक्षणाला गेलात की शाळेला कुलूप. फार तर शेजारच्या शाळेतली बाई येऊन बसते, आणि मग तिच्या वर्गाचं काय ते देव जाणे. एकशिक्षकी शाळेतल्या माणसाला वर्ग न सोडता कुणाशी तरी शिकवण्याबद्दल बोलता येणं, एवढ्यासाठी हे तंत्रज्ञान मला मोलाचं वाटतं. तुमच्या शाळेत शिक्षकांची खोली नाही. मधल्या सुटीत "अहो, याला वजाबाकी का येत नाही?" असं विचारायला दुसरं मोठं माणूस नाही. ती खोली फोनवर उभी करता आली तर बाकीचं नसलं तरी चालेल. माझ्या अंदाजाने या सगळ्याचं भविष्य तिथेच आहे.

हवेत बोलतोय असं वाटू नये म्हणून एक प्रसंग सांगतो.

कोविडनंतर आम्ही सहा जणांनी एक गट केला. सत्तरीतल्या दोघी, डिचोलीचा एक, धारबांदोड्याची एक, फोंड्याकडच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या शाळेतली एक, आणि मी. आदेश नाही, लिंक नाही, प्रमाणपत्र तर नाहीच. पंधरा दिवसांतून एकदा संध्याकाळी तासभर फोनवर बोलायचं. व्हिडिओ बंद ठेवायचा, कारण पावसात वीज गेली की आधी वायफाय जातं आणि मग टॉवरची रेंजही दम टाकते; नुसता आवाज कसाबसा तग धरतो. नियम एकच: बोलणाऱ्याने आपल्या वर्गातली एक वस्तू आणायची. वहीचं पान, फळ्याचा फोटो, मुलाच्या वाचनाचा आवाज, काहीही. वस्तू नसेल तर त्या दिवशी ऐकायचं.

एकदा सत्तरीतल्या एकीने तिसरीतल्या मुलाच्या वहीचा फोटो टाकला. ४२ वजा १७, उत्तर ३५. खाली तिने लिहिलं होतं, "हातचा दहा वेळा समजावून झाला. आता काय करू?"

आम्ही काय केलं असेल? दोघांनी लगेच हातच्याच्या वजाबाकीच्या व्हिडिओच्या लिंका पाठवल्या. मीही एका मॉड्यूलचं नाव सांगितलं. आपल्याला हीच सवय आहे, प्रश्न दिसला की साहित्य फेकायचं. मग डिचोलीचा शिक्षक म्हणाला, "त्या पोराक विचारलंत काय, तुवें कशें केलें म्हणून?" नव्हतं विचारलं. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं आणि त्याचं उत्तर रेकॉर्ड करून आम्हाला पाठवलं. मुलगा शांतपणे सांगतो: सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. बाई विचारतात, अरे, वर दोन आहेत आणि खाली सात, मग दोनातून सात का नाही काढलेस? तो म्हणतो, "बाई, तुमीच सांगिल्लें मगो, व्हडांतल्यान ल्हान काडपाचें."

फोनवर कुणी काही बोलेना. मग ती स्वतःच हसायला लागली. पहिलीत, दुसरीत तिनेच शिकवलं होतं, मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची. मुलाने ते इतकं नीट लक्षात ठेवलं होतं की प्रत्येक घरात, एककात काय नि दशकात काय, तो इमानाने मोठ्यातून लहान काढत होता. त्याला हातचा कळला नव्हता हे खरं. पण हातच्याची गरजच त्याला कधी पडली नव्हती. हातचा दहादा समजावणं म्हणजे दार उघडं असलेल्याला किल्ली देत राहणं. तिने मग माडाच्या हिरांचे तुकडे करून दहा-दहाचे गठ्ठे बांधले. चार गठ्ठे, दोन सुटे. यातून १७ दे बघू मला. मुलाने दोन सुटे दिले, बाकीचे पाच हुडकायला लागला, आणि आपण होऊन एका गठ्ठ्याचा रबर काढला. त्या रबराचा आवाजही रेकॉर्डिंगमध्ये आहे.

गोष्ट इथे संपत नाही. औद्योगिक वसाहतीजवळच्या बाईंनी तेच गणित आपल्या वर्गात घातलं, तर तिथे निराळंच निघालं. एका मुलीने "बेचाळीस" ऐकून २४ लिहिले आणि मग २४ मधून १७ अगदी बरोबर वजा केले. घरची भाषा कन्नड. गटातल्या एकीला कन्नड येत होतं. ती म्हणाली, "कन्नडात नलवत्तेरडु म्हणतात. चाळीस आधी, दोन मागाहून. ऐकायचं त्याच क्रमाने लिहायचं." मराठीत नि कोकणीत बे आधी येतो, चाळीस नंतर, आणि लिहिताना उलट. आपण लहानपणापासून गिळलं म्हणून आपल्याला ते खटकत नाही. (२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "वीस एक, वीस दोन" आलं तेव्हा महाराष्ट्रात किती गदारोळ झाला, विधानसभेपर्यंत विषय गेला. तेव्हा मीही हसलो होतो. त्या संध्याकाळनंतर हसायचं सोडलं.)

त्या दोन बैठकांत आम्ही सहा जण जे शिकलो, ते अख्ख्या देशासाठी लिहिलेल्या मॉड्यूलमध्ये कुठून येणार? सत्तरीतल्या घरची कोकणी, शाळेची मराठी आणि वसाहतीतली कन्नड एका पानावर आणायची तर त्या पानाजवळ बसलेलं माणूस लागतं.

यामागचा विचार जुना आहे. ब्रूस जॉईस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकन अभ्यासकांनी १९८० मध्ये शिक्षक-प्रशिक्षणावरचं संशोधन चाळून मांडलं होतं की नवी पद्धत समजावून सांगा, करून दाखवा, सराव करून घ्या, सरावावर अभिप्राय द्या. एवढं केल्यावरही ती वर्गात टिकायला हवी तर तिथे कुणीतरी सोबत लागतं. फोनवरचे कोर्स पहिल्या दोन पायऱ्या उत्तम करतात. खरं तर माझ्यापेक्षा बरं करतात, कारण मी कंटाळलेला असलो तर त्या दिवशीचं व्याख्यानही कंटाळलेलं निघतं. पुढच्या पायऱ्यांपाशी ते थांबतात आणि प्रमाणपत्र देतात.

तुम्ही म्हणाल, गट लगेच कुठून आणू? तर एकटीने करण्यासारखंही एक काम आहे, आणि ते मी सगळ्यांना सांगतो. फोन टेबलावर उलटा ठेवा, आवाज रेकॉर्ड करायला लावा, दहा मिनिटं शिकवा. संध्याकाळी ऐकताना दोनच गोष्टी मोजा. आपण किती प्रश्न विचारले, आणि प्रश्न विचारल्यावर किती वेळ गप्प राहिलो. मेरी बड रो नावाच्या विज्ञान-शिक्षण अभ्यासिकेने अमेरिकेतल्या वर्गांच्या पुष्कळ ध्वनिफिती ऐकल्या. तिला दिसलं की प्रश्न विचारून शिक्षक सरासरी एक सेकंदही थांबत नाहीत. तीन सेकंद थांबायला लागले तर मुलांची उत्तरं लांबतात, "माहीत नाही" कमी होतं, एरवी गप्प बसणारी मुलं बोलायला लागतात. माझ्या पहिल्या दहा मिनिटांत २३ प्रश्न निघाले. त्यातल्या निम्म्याहून अधिकांची उत्तरं मीच देऊन टाकली होती. गप्प राहणं जवळपास शून्य. तोवर मला वाटायचं की माझी मुलं लाजरी आहेत!

तीन सेकंद मोजायला काही लागत नाही, पण वर्गात ते फार लांब वाटतात. आणि दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाला ते जास्तच हवेत. आपला मराठी प्रश्न त्याच्या डोक्यात कोकणीत किंवा कन्नडात जातो, तिथे उत्तर तयार होतं आणि मराठी होऊन परत येतं. तोवर आपण पुढच्या मुलाकडे वळलेलो असतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेचं तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढच्या पाच-दहा वर्षांचं बोलताना ते टाळता येणार नाही. ४२ वजा १७ बरोबर ३५ हे मी एका चॅटबॉटला घालून पाहिलं. मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतंय, हे त्याने एका क्षणात सांगितलं. आम्हा सहा जणांना दोन दिवस लागले होते. मला थोडा रागच आला. मग त्याला म्हटलं, तिसरीच्या मुलांसाठी वजाबाकीची शाब्दिक उदाहरणं दे, गोव्यातली. पहिल्याच उदाहरणात पणजीला मेट्रो! बरं, ते दुरुस्त करता येतं. तुमच्यासारखीला चार इयत्तांचं चार तऱ्हेचं काम रोज काढायचं असतं, हातच्याची २० गणितं तो चहा होईपर्यंत काढून देतो. तेवढ्यापुरता खुशाल वापरा, वाचून घ्या म्हणजे झालं. पण "बाई, तुमीच सांगिल्लें" हे त्याला कळणार नाही, कारण चुकीचं मूळ त्या बाईंच्या पहिलीच्या वर्गात होतं आणि ते फक्त त्या मुलाला माहीत होतं. मुलाला विचारायचं काम आपलंच राहतं.

एक सावधगिरी. वहीचा फोटो काढताना नाव असलेला कोपरा अंगठ्याखाली झाका, मुलाचा चेहरा नको. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती हाताळायला पालकांची संमती मागतो. कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्या मुलाची चूक सहा अनोळखी माणसांनी पाहिली हे कुठल्या आईला आवडेल?

आता ५० तासांचा पेच, ज्यावर माझ्यापाशीही सरळ उत्तर नाही. तास मोजले जाणार, शिक्षकांसाठीच्या राष्ट्रीय व्यावसायिक मानकांशी आज ना उद्या बढती जोडली जाईल असा रंग दिसतोय. मग अशा गटांचा वेळ या तासांत धरावा की नाही? धरावा असं मी भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या बैठकांत हिरिरीने सांगत आलो. वहीच्या एका पानावर तासभर डोकं खाजवणारा शिक्षक आवाज बंद करून व्हिडिओ लावणाऱ्यापेक्षा जास्त शिकतो, हे मी दोन्ही करून सांगू शकतो. पण आमच्या गटाचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. दीड वर्ष तो छान चालला. मग मला वाटलं, याची नोंद असावी, उद्या दाखवता येईल. मी एक नमुना तयार केला: तारीख, विषय, समस्या, चर्चा, निष्पत्ती, उपस्थितांची नावं. एका पानाचाच होता. पुढच्या बैठकीला दोघांनी वही आणली नाही, त्याच्या पुढच्या वेळी "निष्पत्ती" काय लिहायची यावर वीस मिनिटं गेली, आणि गणेशचतुर्थीच्या सुटीनंतर पुन्हा कुणी फोन लावला नाही. नमुना अजून माझ्या लॅपटॉपमध्ये आहे. गट मेला तो त्या रकान्यांनी, आणि रकाने माझेच. हिशोबात धरलं नाही तर वेळ मिळत नाही, धरलं तर असं होतं. वरच्या कुणाला सुचवायचं झालं तर मी एवढंच सुचवेन की महिन्यातला एक तास वेळापत्रकात मोकळा द्या आणि त्या तासाचा अहवाल मागू नका. हे कुठलं कार्यालय कबूल करेल असं मला वाटत नाही, तरी सुचवत राहीन.

आता तुमचा सुटीतला कोर्स. पैसे भरण्याआधी त्यांना फोन करा आणि विचारा की माझ्या वर्गातलं काम कुणी बघणार आहे का, बघणाऱ्या एका माणसाकडे किती शिक्षक आहेत, आणि माझ्या मुलांच्या वह्या आणल्या तर चालतील का. एका मार्गदर्शकाकडे पंधरा-वीस जण असतील आणि वह्या आणा म्हणत असतील, तर थोडे जास्त पैसे गेले तरी करा. "सगळं रेकॉर्डेड आहे मॅडम, तुमच्या सोयीने बघा" असं उत्तर आलं तर ते पैसे ठेवून द्या. तसलं दीक्षावर फुकट आहे. पदवी किंवा पात्रता अडली असेल तर गोष्ट वेगळी. अप्रशिक्षित शिक्षकांना ३१ मार्च २०१९ ची मुदत होती तेव्हा लाखो जणांनी एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचं डी.एल.एड. सरकारच्या स्वयं या ऑनलाईन पोर्टलवरून केलं, आणि त्यात प्रत्यक्ष वर्गात शिकवण्याचं काम आणि संपर्क-वर्ग होते म्हणून बऱ्याच जणांना त्याचा उपयोगही झाला. पण तुमचं डी.एड. झालेलं आहे. तुम्हाला पात्रता नको, सोबत हवी आहे.

तेव्हा सुटीत शेजारच्या केंद्रातल्या चार जणींना फोन करा. जमलं तर एखाद्या दिवशी वाळपईला भेटा, तोंडओळख झालेली असली की फोनवर माणूस चूक मोकळेपणी सांगतो. शाळा सुरू झाली की पहिल्या पंधरवड्यात ती दहा मिनिटं रेकॉर्ड करा. मला पाठवू नका, आधी एकटीनेच ऐका. लगेच धीर झाला नाही तर काळजी करू नका. माझी पहिली फीत ऐकायला मी तीन दिवस लावले होते.